सुरुवातीआधीचे चार सेकंद

माझ्या मामाला बँडमधले लोक 'वाफ' म्हणायचे. तो एका मोठ्या हॉटेलच्या लॉन्ड्रीत वाफेच्या इस्त्रीवर होता, हे त्याचं अर्धं कारण. उरलेलं अर्धं असं की तो ड्रम वाजवायचा आणि तो वाजवतोय हे पुष्कळांना कळायचंच नाही. ज्यांना कळलं नाही त्यांत मी पहिला, आणि माझा तर धंदाच ऐकण्याचा आहे.

मी जुनी ध्वनिमुद्रणं साफ करतो. टेपवरची खरखर, तबकडीवरची टिकटिक, विजेची गुणगुण हे सगळं उपसून काढतो आणि खाली दबलेलं गाणं वर आणतो. तीस वर्षं हेच करतोय. या धंद्यातली माणसं मला 'कान' म्हणतात आणि मी ते मानभावीपणे ऐकून घेतो. पुढची हकिगत सांगताना मला लाज वाटते आहे, हे आधीच सांगून टाकतो. मध्येच कुठे मी शहाणपणा पाजळायला लागलो, तर तेवढं लक्षात असू द्या.

हॉटेलची लॉन्ड्री तळघरात होती आणि नाचाचा हॉल बरोबर तिच्या डोक्यावर. दर रविवारी दुपारी तीन ते सहा तिथे बँड वाजायचा. बँडमास्तर सोडून सतरा माणसं. पाच सॅक्सोफोन, चार ट्रम्पेट, चार ट्रॉम्बोन, पियानो, गिटार, उभं बास आणि ड्रम. वाजवायचे ते स्विंग. अमेरिकेत एके काळी ज्यावर अख्खी पिढी नाचली, ते तबकड्यांमधून आणि छापील नोटेशनच्या कागदांमधून आमच्यापर्यंत पोचलं होतं. या लोकांनी ते पाठ करून, घोटून आपलं केलं होतं. दिवसा कुणी पोस्टात, कुणी गॅरेजमध्ये, कुणी शाळेत. रविवारी सगळे पांढऱ्या कोटात.

ते पांढरे कोट मामा इस्त्री करायचा. मामा डावखुरा. डाव्या हाताने इस्त्री गोल फिरवायची आणि उजव्या हाताने कापड थोपटून सरळ करायचं, अशी त्याची पद्धत. एकदा बँडमास्तर कोट न्यायला स्वतः खाली आला. आधीचा ड्रमवाला आदल्याच दिवशी रुसून निघून गेला होता. त्याच्या दणक्यांनी शेजारच्या जेवणाच्या खोलीत पाहुण्यांचे ग्लास हलतात अशी मॅनेजरची तक्रार होती, आणि हळू वाजव म्हटल्याचा त्या गड्याला अपमान वाटला. वर बाकीच्यांची तालीम चालू होती. बँडमास्तर दारात उभा राहिला आणि मामाची इस्त्री पाहत राहिला.

"वरचं जाऊ दे," तो म्हणाला, "तू इथे खाली काय करतोयस?"

"कोट करतोय, साहेब. तुमचेच आहेत."

मामाची इस्त्री वरच्या गाण्याच्या तालात फिरत होती, हे मामाला स्वतःलाच माहीत नव्हतं. पुढच्या रविवारी तो ड्रममागे बसला आणि पंचवीस वर्षं बसला. काठ्या त्याने क्वचितच हातात घेतल्या. त्याचं हत्यार म्हणजे ब्रश, बारीक तारांचा पसरट जुडगा. तो ड्रमच्या खरखरीत कातड्यावर डाव्या हाताने गोल घोळवायचा आणि उजव्या हाताने वर हलके थोपटायचा. शूऽ टप्, शूऽ टप्. इस्त्रीच ती.

त्या बँडची एक रीत होती, ती नीट सांगतो, कारण माझं पाप तिथेच आहे. दुसरे बँड गाणं सुरू करताना 'एक, दोन, तीन, चार' असं मोजतात. आमचा बँडमास्तर क्लॅरिनेट वाजवायचा. पहिल्या सुरापासून वाद्य तोंडात, मग मोजणार कोण? म्हणून मोजायचं काम मामाच्या ब्रशकडे होतं. मामा आठ मात्रा नुसता ब्रश फिरवायचा, जेमतेम चार सेकंद. नाचणाऱ्यांना ते ऐकूही जायचं नाही. सतरा जणांना मात्र त्यातून लय, जोर, सगळं कळायचं आणि नवव्या मात्रेला सगळे एकदम सुरू व्हायचे.

हे मला मामाने दहा वेळा तरी सांगितलं असेल. "गाणं सुरू व्हायच्या आधी कान दे," तो म्हणायचा. मी हूं हूं करायचो.

मी कॉलेजात असताना तो दर रविवारी हॉटेलच्या दरवानाकडे माझ्या नावाचा पास ठेवायचा. मी कधी गेलो नाही. एकदा मित्रांबरोबर त्या रस्त्याने चाललो होतो, तर हॉटेलच्या मागच्या दारातून मामा बाहेर आला. अंगात पांढरा कोट, काखेत ब्रशची पिशवी. मला पाहून त्याचा चेहरा असा खुलला की काय सांगू. मित्राने विचारलं, "ओळखीचे आहेत का रे?" मी म्हणालो, "आमचे कपडे इस्त्री करतात."

मी हळू बोललो होतो. पण ज्याचा आयुष्यभराचा उद्योग हळू आवाजाशी आहे, त्याला ते ऐकू गेलं नसेल असं मी स्वतःला किती दिवस समजावणार होतो? मामाने मान किंचित हलवली, एखाद्या गिऱ्हाइकाला हलवावी तशी, आणि पलीकडच्या फुटपाथवर गेला. पास मात्र ठेवत राहिला. मग हॉटेलने नाचाचा हॉल बंद केला, बँड पांगला, आणि मामाला एकदाही न ऐकता मी ध्वनिमुद्रणातला तज्ज्ञ वगैरे झालो.

आता अलीकडची गोष्ट. आमच्याकडे एक स्विंग मंडळ आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर पंचवीस-तीस माणसं जमतात, जुन्या तबकड्या लावतात, फाटलेले नोटेशनचे कागद चिकटवतात, गुडघे साथ देतील तेवढं नाचतात. या मंडळाला मामाच्या बँडमधल्या ट्रॉम्बोनवाल्याच्या कपाटात एक टेप सापडली. हॉटेलच्या इलेक्ट्रिशियनने एका रविवारी सॅक्सोफोनच्या वर माइक टांगून सात गाणी घेतली होती. त्या बँडचा जगात उरलेला आवाज म्हणजे एवढाच. सतरांतली पाच माणसं हयात होती, त्यांत मामा, वय वर्षं ब्याऐंशी. त्यांच्या देखत सीडी प्रकाशित करायची असं ठरलं आणि टेप अर्थातच माझ्याकडे आली.

साफसफाईची एक सोपी रीत असते. गाणं सुरू व्हायच्या आधीचा रिकामा तुकडा निवडायचा, जिथे नुसती खरखर आहे. संगणकाला सांगायचं, हा कचरा ओळखून ठेव आणि असा जिथे जिथे दिसेल तिथे पुसून टाक. मी पहिल्या गाण्याच्या आधीचे चार सेकंद निवडले. छान, एकसारखी, स्वच्छ खरखर होती. थोडी वरखाली होत होती, पण टेप जुनी असली की तसं होतं. मी एकदा पुसली. समाधान होईना म्हणून आणखी दोनदा पुसली. मग सातही गाण्यांच्या आधीचे ते रिकामे चार-चार सेकंद कापून टाकले, म्हणजे सीडीवर गाणी कशी झटकन सुरू होतील.

ड्रम कुठे गेले, हा प्रश्न मला पडलाच नाही असं लिहिलं तर थोडी तरी इज्जत राहील. पण तो पडला होता. तिसऱ्या गाण्याच्या वेळी मनात आलं, ड्रम ऐकू येत नाहीत. आणि लगेच दुसरं मनात आलं, मामाच तो, वाजवत असला काय आणि नसला काय. चहा प्यायलो आणि पुढच्या गाण्याला लागलो.

समारंभाला मामा पहिल्या रांगेत बसला होता. जुना पांढरा कोट त्याने स्वतः इस्त्री केला होता, बाहीची घडी अशी की बोट कापेल. शेजारी मामी. आदल्या आठवड्यात ती मला फोनवर म्हणाली होती, "रोज विचारतो, झालं का त्याचं साफ करून? लहान मुलासारखं चाललंय." मी व्यासपीठावर होतो. भाषण केलं. 'काळाची धूळ झटकून' वगैरे बोललो. मग सीडी लावली.

मी मामाकडे पाहत होतो, म्हणून मला दिसलं. मी बटण दाबायला हात पुढे केला तेव्हाच त्याचा डावा हात गुडघ्यावर गोल फिरू लागला होता. जेमतेम एक फेरी झाली आणि गाणं अंगावर आदळलं. हात अर्ध्या वाटेत थांबला. मग मामा पुढे वाकला आणि ऐकू लागला. दुसरं गाणं. तिसरं. आपली चष्म्याची डबी शोधणारा माणूस घरभर बघतो ना, तसा तो त्या गाण्यांत शोधत होता. चौथ्या गाण्याला तो मागे टेकून बसला आणि दोन्ही हात त्याने कोटाच्या खिशात घातले.

मला त्या क्षणी सगळं कळलं. सभागृहात मात्र टाळ्यांचा पाऊस, काय स्वच्छ, काय लख्ख, कालच वाजवल्यासारखं. माझ्या हातात फुलांचा गुच्छ.

त्या पाचांतला सॅक्सोफोनवाला ऐंशीचा होता. त्याला कमी ऐकू यायचं, म्हणून तो मोठ्याने बोलायचा. तो मामाकडे वळून म्हणाला, "काय रे वाफ, त्या दिवशी तू आला नव्हतास का?"

सगळ्यांनी मामाकडे पाहिलं. मामाने माझ्याकडे पाहिलं, फार नाही, ओझरतं.

"नसेन," तो म्हणाला. "ताप होता बहुतेक त्या आठवड्यात."

"पण ड्रमशिवाय आपण कधी वाजवलं?"

"वाजवलं असेल एखाद्या वेळी. इतक्या वर्षांचं कुठे लक्षात राहतं?"

मला फक्त तोंड उघडायचं होतं. मी गुच्छ या हातातून त्या हातात घेतला. मंडळाचे चिटणीस माझ्या शेजारीच उभे होते. त्यांचं आयुष्य छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेलेलं. चूक दिसली की त्यांच्या हाताला खाज सुटते. त्यांनी खिशातून पेन काढलं आणि सीडीच्या पुस्तिकेत 'ड्रम' या शब्दापुढे एक बारीक खूण केली. तेही मी नुसतं पाहिलं.

जिन्यात मामीने मला गाठलं. मामा चार पायऱ्या खाली गेला होता. ती म्हणाली, "तुझ्या मामाला ताप आला की कपाळावर पट्ट्या मीच ठेवते. रविवार त्याने एकही चुकवलेला नाही. आमचं लग्न शनिवारी लागलं, ते त्याचसाठी." एवढं बोलून ती कठडा धरत खाली गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी न पुसलेली मूळ प्रत काढली. नशीब, ती ठेवायची मला सवय आहे. इअरफोन लावले आणि पहिल्या गाण्याआधीचे ते चार सेकंद ऐकले. शूऽ टप्, शूऽ टप्. माझी 'वरखाली होणारी खरखर'. आठ मात्रा, आणि मग अख्खा बँड त्या वाफेवर उचलला जावा तसा उठला. गाणंच वेगळं होतं. माझ्या साफ प्रतीत ते चालत होतं, इथे ते नाचत होतं. ट्रम्पेट चढले की मामा त्यांच्याखाली अंथरूण घालावं तसा पसरायचा आणि क्लॅरिनेट एकटं असलं की नुसता श्वास टाकावा इतका कमी व्हायचा. मी अठ्ठावन्न वर्षांचा आहे. सख्ख्या मामाला त्या सकाळी पहिल्यांदा ऐकलं. ढसाढसा रडलो, आणि त्या रडण्याचीही लाज वाटली, कारण रडून झाल्यावर मी कुणालाही फोन केला नाही.

सहा आठवडे केला नाही. रोज ठरवायचो. वर्तमानपत्रात सीडीचं कौतुक छापून आलं, त्यात माझं नाव होतं. म्हटलं, जरा हे निवू दे. मग सर्दी झाली. मग दुसरं काम आलं. कारणं शोधायला मला कुणी शिकवावं लागत नाही.

सातव्या आठवड्यात टपालाने चिटणिसांची एक चिठ्ठी आली, पुस्तिकेत चिकटवण्यासाठी. 'शुद्धिपत्र. पान चार. ड्रम या नोंदीपुढील नाव वगळून वाचावे. सदर वादक त्या दिवशी अनुपस्थित होते.'

मी तसाच उठून मामाकडे गेलो. मामा घरातल्या टेबलावर चादर अंथरून शर्ट इस्त्री करत होता. खिडकीत तीच चिठ्ठी चहाच्या कपाखाली ठेवलेली. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, चार सेकंदांपासून तिसऱ्या गाण्याच्या वेळी मनात आलं होतं त्यापर्यंत. मामाने इस्त्री थांबवली नाही.

"मला तिथेच कळलं होतं," तो म्हणाला. "हात सुरू झाला आणि खाली काही आलंच नाही."

"मग बोलला का नाहीस?"

"एवढी माणसं तुझं कौतुक करत होती. त्यात मी कुठे मध्ये येऊ?"

"मामा, हॉटेलच्या मागच्या दारापाशी मी एकदा..."

"आठवतं," तो म्हणाला. मग शर्ट उलटा केला. "तुझ्याबरोबर मित्र होते. मला वाटलं, थोडा मोठा झाला की येईल."

मामी स्वयंपाकघरातून ऐकत होती. भांड्यांचा आवाज थांबला होता. मला त्या वेळी कुणी दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी मूळ प्रत आणली होती. मामाच्या कानांना इअरफोन लावले. त्याने डोळे मिटले, डावा हात चादरीवर फिरू लागला आणि या वेळी थांबला नाही. सातही गाणी झाल्यावर तो म्हणाला, "पाचव्यात घाई केलीय मी." जरा वेळाने म्हणाला, "बाकी ठीक आहे." आणि परत पहिल्यापासून लाव म्हणाला.

निघताना त्याने मला बजावलं, "आता राहू दे. कागद छापून झालाय. तुझा धंदा आहे, उगाच नाव खराब होईल."

पुढच्या महिन्यातल्या पहिल्या रविवारी मी मंडळात उभा राहिलो. पाचही जुनी माणसं आली होती. मामा मागच्या खुर्चीवर, मी काय करणार हे कळल्यामुळे माझ्यावर चिडलेला. मी म्हणालो, "भाषण करत नाही. गाणं सुरू व्हायच्या आधी कान द्या." आवाज पूर्ण वाढवला आणि टेपच्या सगळ्या खरखरीसकट मूळ प्रत लावली.

पहिल्या दोन मात्रा कुणाला काही कळलं नाही. मग सॅक्सोफोनवाल्याची मान वर झाली. त्याला समोरच्याचं बोलणं ऐकू येत नाही, पण ते ऐकू आलं. ट्रॉम्बोनवाला ताठ बसला. ट्रम्पेटवाल्याने ओठ आवळले. पियानोवाल्याची बोटं मांडीवर पसरली. आणि आठव्या मात्रेला, गाण्याचा एक सूरही आला नव्हता तेव्हा, त्या तिघा फुंकणाऱ्या म्हाताऱ्यांनी रिकाम्या हातांनी एकदम छातीभर श्वास घेतला. तो आवाज सगळ्या खोलीने ऐकला.

गाणं संपल्यावर टाळ्या पडल्या नाहीत. सॅक्सोफोनवाला मागे वळला आणि मामाला म्हणाला, "ताप होता काय रे तुला, लबाडा." मामा हसला आणि चष्मा पुसू लागला.

मग मी काय केलं होतं ते सांगितलं. लोक माझ्याकडे बघत होते आणि मी टेबलाच्या कडेकडे बघत होतो. एक-दोघं म्हणाले, चालायचंच, मशीनची चूक. मी म्हणालो, मशीनला कचरा कुठला ते मी दाखवलं होतं.

चिटणिसांनी शांतपणे कोरा कागद पुढे ओढला. नवं शुद्धिपत्र काढावं लागणार, म्हणाले, मजकूर सांगा.

"लिहा," मी म्हणालो. "ड्रमवादक हजर होते. साफ करणाऱ्याला ते ऐकू आले नाहीत."

मागच्या खुर्चीवरून मामा म्हणाला, "दुसरं वाक्य काढा."

चिटणिसांनी पेन थांबवून माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "राहू द्या. तेही छापा."